कानाने वाचायचे गणित : प्रस्तावना

फळ्यासमोरचा गणिताचा शिक्षक बोलतो पुष्कळ, पण त्याच्या बोलण्यात गणित फार थोडे असते. "हे इकडे आले की चिन्ह बदलले, हे दोन कटले, आता याला याने भागा." समोरच्या मुलांचे यात काही अडत नाही, कारण 'हे' म्हणजे काय ते खडू दाखवत असतो. वर्गात न दिसणारा एखादा विद्यार्थी असेल, तर त्याच्यापर्यंत फक्त सर्वनामे पोहोचतात. तोच विद्यार्थी घरी जाऊन संगणकावर तोच पाठ उघडतो, तेव्हा सर्वनामांच्या जागी सुटे अंक आणि सुटी अक्षरे ऐकू येतात. गणित तेथेही हाती लागत नाही. पहिल्या अडचणीवर शिक्षकाने बोलण्याची सवय बदलणे हाच उपाय आहे. दुसरी अडचण मजकूर तयार करणाऱ्याच्या हातात आहे आणि हे पुस्तक तिच्याविषयी आहे.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी किंवा ब्रेल पट्टीवर उमटवणारी आज्ञावली. आपल्याकडे विंडोजवर जॉज आणि एनव्हीडीए, फोनवर टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर ही नावे परिचित आहेत. एनव्हीडीए हा मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाला, आणि तो आजही फुकट मिळतो. कथा, बातमी, सरकारी परिपत्रक अशा सरळ ओळीत चालणाऱ्या मजकुराशी या आज्ञावलींचे उत्तम जमते. समीकरण आले की गाडे अडते.

वर्गसमीकरणाचे दहावीतले सूत्र घ्या : क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ. छापील पानाच्या पीडीएफमधून ते कानावर साधारण असे पडते : "क्ष बरोबर ब अधिक उणे ब दोन चार अ क दोन अ". सुरुवातीचे उणे गळाले, कारण स्क्रीन रीडरच्या लेखी ती एक संयोगरेषा आहे आणि विरामचिन्हे वाचू नकोस असे त्याला बहुतेकांनी सांगून ठेवलेले असते. मधले वजाही त्याच वाटेने गेले. वर्गमूळ नाहीसे झाले. ब चा वर्ग 'ब दोन' झाला. भागाकाराची रेघ पुसली गेल्यामुळे खालचा २अ वरच्या ओळीला येऊन चिकटला. हे ऐकून मूळ सूत्र सांगता येईल, पण ते आधीच पाठ असलेल्यालाच.

दोष स्क्रीन रीडरचा नाही. पीडीएफ हा प्रकार मुळात छपाई डोळ्यांपुढे ठेवून घडवला गेला. कोणते अक्षर कागदावर कोठे बसवायचे, एवढी माहिती त्यात नक्की असते. घातांक म्हणजे त्याच्या लेखी थोडा वर सरकवलेला बारीक दोन. भागाकाराची रेघ तर अक्षरसुद्धा नव्हे, नुसती आखलेली रेघ. डोळा या जागांवरून अर्थ लावतो; जागांची ही भाषा यंत्राला कोणी वेगळी सांगितलेली नसते. मराठी मजकुरात याच्या भरीला जुन्या फॉन्टांचे दुखणे आहे. युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपी, आकृती वगैरे फॉन्टांत जुळवलेली फाइल दिसायला मराठी, पण आत रोमन अक्षरांचा कचरा असतो. अशा पानावर समीकरणाची पाळी येण्यापूर्वीच विद्यार्थी पुस्तक मिटतो.

'थोडेफार समजते ना, मग चालेल' हा युक्तिवाद गणितात मुळीच चालत नाही. "एक छेद क्ष अधिक दोन" असे ऐकू आले. क्षची किंमत दोन धरा. अधिक दोन हे छेदात असेल तर उत्तर पाव, आणि छेदाबाहेर असेल तर अडीच. डोळ्याने वाचणाऱ्याला रेघेची लांबी हा प्रश्न सोडवून देते. कानाने वाचणाऱ्याला ती लांबी कोणीतरी शब्दांत किंवा रचनेत सांगायला हवी. या क्षेत्राचा गाभा एवढाच आहे. बाकीचे सारे तपशील आहेत, मात्र ते भलतेच रंजक आहेत.

या तपशिलांची सुरुवात माणसांपासून करणे मला योग्य वाटते. अब्राहम नेमेथ (१९१८–२०१३) हा न्यूयॉर्कचा जन्मांध मुलगा. आंधळ्याने गणित कसले शिकायचे, म्हणून त्याला मानसशास्त्राकडे वळवण्यात आले. त्यात पदव्या घेऊनही तो गणिताकडे परत आला आणि डेट्रॉइटला प्राध्यापक झाला. गणितासाठी त्याने रचलेली ब्रेल लिपी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती आजही वापरात आहे. मला मात्र त्याच्या दुसऱ्या कामाचे अधिक अप्रूप वाटते. गणिताची पुस्तके वाचून दाखवणाऱ्यांनी काय म्हणावे याचे नियम त्याने ठरवले. अपूर्णांक सुरू झाला हे सांगायचे, अंश संपून छेद लागला हे सांगायचे, अपूर्णांक संपला हेही सांगायचे. वाचणाऱ्याला गणित समजो न समजो, ऐकणाऱ्याच्या कागदावर जसेच्या तसे सूत्र उमटले पाहिजे. 'मॅथस्पीक' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीतून आजचे बोलके गणित निघाले.

दुसरा माणूस आपल्या जवळचा. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. पुस्तके आणि गणिते घरच्यांनी व मदतनिसांनी वाचून दाखवायची, अशा रीतीने त्यांनी पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतली आणि पुढे मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र केले. कॉर्नेल विद्यापीठात १९९४ मध्ये त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय होता लाटेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिलेले गणिती लेखन आवाजात मांडणारी 'अॅस्टर' ही प्रणाली. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा त्या वर्षीचा उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार त्यांना मिळाला. अॅस्टर सूत्र वाचून दाखवते एवढेच सांगितले तर तिच्यावर अन्याय होईल. घातांक आला की आवाजाची पट्टी बदलावी, लांबलचक उपपदाला तात्पुरते एक नाव देऊन आधी सांगाडा ऐकवावा आणि मग त्या नावामागे काय आहे ते सांगावे, ऐकणाऱ्याला सूत्राच्या आतबाहेर स्वतःच्या इच्छेने फिरता यावे, अशी तिची घडण होती. डोळा मोठे समीकरण डावीकडून उजवीकडे वाचत नाही. तो आधी 'हा एक अपूर्णांक आहे' असे पाहतो आणि मग आत शिरतो. हा अधिकार रामन यांनी कानाला मिळवून दिला. आजच्या कोणत्याही चांगल्या साधनाची गुणवत्ता मी याच कसोटीवर पाहतो : ते नुसते बोलते, की फिरू देते?

फिरू द्यायचे तर सूत्राची रचना फाइलमध्ये असायला हवी. त्यासाठीची सर्वमान्य लिपी म्हणजे मॅथएमएल. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ती एप्रिल १९९८ मध्ये प्रसृत केली. वरचे सूत्र तिच्यात लिहिले की हा एक अपूर्णांक आहे, त्याच्या अंशात बेरीज-वजाबाकी आहे, तिच्यात एक वर्गमूळ आहे, वर्गमूळात आणखी एक वजाबाकी आहे, असे एकात एक बसवलेले वर्णन तयार होते. पडद्यावर ते नेहमीसारखेच दिसते. मॅथकॅट नावाच्या आज्ञावलीच्या मदतीने एनव्हीडीए याच वर्णनावरून सूत्र वाचतो. खालच्या बाणाने आत शिरता येते, वरच्या बाणाने बाहेर पडता येते, उजव्या-डाव्या बाणांनी शेजारच्या पदावर जाता येते. हे मॅथकॅट लिहिणारे नील सॉइफर कित्येक वर्षे याच एका प्रश्नाच्या मागे आहेत. ब्राउझरांनी मात्र पुष्कळ वाट पाहायला लावली. फायरफॉक्सने मॅथएमएल लवकर आपलेसे केले, क्रोमवर त्याचा टिकाऊ आधार थेट जानेवारी २०२३ मध्ये आला. मधल्या काळात बहुतेक संकेतस्थळांनी मॅथजॅक्स या सूत्रे दाखवणाऱ्या आज्ञावलीवर दिवस काढले, आणि त्याच्या पोटातल्या फोल्कर सॉर्गे यांच्या वाचन-नियमावलीने अनेक भाषांची दारे उघडली. त्या भाषांच्या यादीत हिंदी आहे. मराठी आणि गुजराती नाहीत.

येथे हा विषय आपला होतो. हिंदी नियम घ्यावेत आणि शब्द बदलावेत, असे कोणालाही वाटेल. हिंदीपुरते ते काही अंशी जमेलही, पण इंग्रजी नियमांच्या बाबतीत तसे करणे धोक्याचे आहे. इंग्रजीत वर्गमूळाचा उल्लेख आधी येतो आणि मागाहून संख्या; तेथे सुरुवात कळते, प्रश्न उरतो शेवटाचा. मराठी वाक्य उलटे चालते. "ब वर्ग वजा चार अ क चे वर्गमूळ" येथे शेवट स्पष्ट आहे, हरवली आहे ती सुरुवात. वर्गमूळ एकट्या क चे, चार अ क चे, की सगळ्याचे? तिन्ही वाचने व्याकरणाला धरून आहेत. "अ अधिक ब चा वर्ग" याचीही तीच गत. वर्गात आपण "कंसाचा वर्ग" म्हणून सुटका करून घेतो, पण कंस कोठे उघडला हे ऐकणाऱ्याला तो बंद झाल्यावर कळते, आणि तोवरची पदे त्याने हातात धरून ठेवायची असतात.

शिक्षकांनी यावर नकळत उपाय शोधलेले आहेत. "वर्गमूळात ब वर्ग वजा चार अ क" असे म्हणणारे शिक्षक चिन्ह पुढे आणतात. शहरी वर्गांत 'अंडररूट' हा शब्द हेच काम करतो, आणि 'ए अपॉन बी' तर मराठी, गुजराती, हिंदी अशा तिन्ही माध्यमांत रुळले आहे. शुद्धतेचा आग्रह धरून हे शब्द गाळावेत, असे मला वाटत नाही. मुलाच्या कानाला जे ओळखीचे आहे ते यंत्राने म्हणावे. मात्र साध्या सूत्राला आखूड बोलणे आणि गुंतागुंतीच्या सूत्राला "वर्गमूळ सुरू", "वर्गमूळ पूर्ण" अशी कडक खूण, हा फरक नियमातच असला पाहिजे. प्रत्येक साध्या अपूर्णांकाला सुरू-पूर्ण लावत बसले तर ऐकणारा पाचव्या ओळीला कंटाळतो. 'दोन तृतीयांश' हे 'अपूर्णांक सुरू दोन छेद तीन अपूर्णांक पूर्ण' यापेक्षा केव्हाही बरे.

अंकवाचनाचेही असेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणण्याची रीत सुचवली गेली आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली. त्या वादात कोण बरोबर होते हे येथे ठरवायचे नाही. पण यंत्राला मराठी बोलायला शिकवणाऱ्याला त्या सूचनेमागची अडचण लगेच पटते, कारण नव्व्याण्णवपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द त्याला वेगळा शिकवावा लागतो. आणि फाइलवर 'ही मराठी आहे' अशी भाषेची खूण नसेल, तर देवनागरी पाहून हिंदी आवाज पुढे सरसावू शकतो आणि २५ चे 'पच्चीस' होतात. खूण करायला अर्धा मिनिट पुरतो. ती करण्याची सवय नाही, एवढेच.

'आपल्याकडे गणित मौखिकच होते, तेव्हा कानाचे गणित आपल्याला नवे नाही' असे वाक्य या विषयावरच्या भाषणांत हटकून येते. ते अर्धेच खरे आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची पाठांतरे मराठी मुलांनी पिढ्यानुपिढ्या केली, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावती पद्यात रचली, हे खरे. पण पद्यात असे ती रीत. आकडेमोड पाटीवर धूळ पसरून होई, आणि पाटीगणित हे नाव त्यावरूनच आले. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९३७ मध्ये छापलेले श्रीपतीचे 'गणिततिलक' उघडून पाहावे. हीरालाल कापडिया यांनी संपादित केलेल्या या अकराव्या शतकातल्या ग्रंथावर सिंहतिलकसूरींची टीका आहे. मूळ श्लोक कानासाठी, आणि टीकेत उदाहरणे सोडवताना अंकांची मांडणी डोळ्यांसाठी. लांब समीकरण नुसत्या कानावर पेलण्याचा प्रश्न त्या परंपरेपुढे आपल्याइतक्या तीव्रतेने कधी आलाच नव्हता. तो आपल्यालाच सोडवायचा आहे.

बडोद्यात बसून हे लिहिताना एका जुन्या कामाची आठवण करून द्यावीशी वाटते. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन उभे केले. यंत्रविद्या, रंगविद्या, बांधकाम हे विषय लोकभाषेतून शिकवायचे, असा त्यांचा हट्ट होता. (दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले, ही गोष्ट बडोदेकर संधी मिळेल तेथे सांगतात, मीही सांगून घेतली.) लोकभाषेतून शिकवायचे तर परिभाषा हवी, परिभाषा हवी तर कोणीतरी बसून ती ठरवायला हवी. १९३१ मध्ये निघालेल्या 'श्रीसयाजीशासन शब्दकल्पतरू' या कोशात राज्यकारभाराच्या संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय एकाशेजारी एक दिले गेले. बोलक्या गणिताला अशाच बैठकीची गरज आहे. गुजराती आणि मराठी शिक्षक एका टेबलाशी बसावेत, सोबत दोन-चार अंध विद्यार्थी असावेत, आणि एकेक सूत्र मोठ्याने म्हणून पाहावे. घरी मराठी, बाजारात गुजराती आणि विद्यापीठाच्या वर्गात इंग्रजी अशी वहिवाट असलेल्या या शहराहून चांगली जागा मला सुचत नाही.

वाट पाहायला वेळ नाही, याचे कारण परीक्षेत दिसते. अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याची पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावी, असे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले होते. इतिहासाच्या पेपरात हे चालून जाते. गणितात याचा अर्थ असा होतो की ज्याने संकलनाचे चिन्ह कधी पाहिले नाही, त्याला ते तोंडी सांगून काढवून घ्यायचे, सीमा वर-खाली कोठे लिहायच्या तेही सांगायचे, आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचे. बोलण्याची नक्की रीत ठरलेली असती तर दोघांचीही पंचाईत टळली असती. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेला अंध विद्यार्थ्यांना दहावीच्या गणिताऐवजी सातवीचे अंकगणित घेण्याची सवलत दीर्घकाळ मिळत आली. तिच्यामागे सहानुभूती होती हे मान्य. पण सवलत घेणाऱ्याला विज्ञान, वाणिज्यातली गणिताची वाट पंधराव्या वर्षीच बंद झाली. दिल्लीच्या कार्तिक साहनी या अंध विद्यार्थ्याला अकरावीत विज्ञान शाखा मिळवण्यासाठी सीबीएसईशी झगडावे लागले. २०१३ मध्ये बारावीला ९६ टक्के मिळवून तो स्टॅनफर्डला शिकायला गेला. अशी उदाहरणे कौतुकाने सांगितली जातात. मला त्यांतून राग येतो, कारण जे साधे असायला हवे होते ते पराक्रम ठरले.

कायदा आपल्या बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम स्वरूपात असावा असे सांगितले, आणि त्याआधी स्वामित्वहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने पुस्तकांचे सुगम स्वरूपात रूपांतर त्या हक्काच्या कचाट्यातून मोकळे केले होते. त्यामुळे पुस्तक रूपांतरित करू की नको, ही भीती कोणी बाळगू नये.

कामाच्या बाजूने पाहिले तर पुढची प्रकरणे अवघड नाहीत. वर्डमध्ये लिहिणाऱ्याने समीकरण त्याच्या समीकरण-साधनातच लिहावे. चित्र म्हणून डकवू नये. लाटेक्स वापरणाऱ्याकडे रचना आधीच असते, ती पीडीएफ करताना फेकली जाते, म्हणून सोबत एचटीएमएल द्यावे. अरकाइव्ह या शोधनिबंधांच्या भांडाराने डिसेंबर २०२३ पासून तसे सुरू केले आहे. पुस्तकासाठी ईपब उत्तम. पीडीएफच हवी असेल तर तिच्यातही आता मॅथएमएल सामावता येते आणि त्याचे मानक २०२४ मध्ये आले, पण साधने अजून कच्ची आहेत, तेव्हा तिला शेवटचा पर्याय माना. राहिला वहीच्या पानाचा फोटो, जो आपल्याकडे व्हॉट्सअॅपवरून सर्रास फिरतो. चित्रातून समीकरण ओळखणारी साधने झपाट्याने सुधारत आहेत, पण एखादा घातांक किंवा एखादे उणे ती सहज खातात, आणि ते खाल्ले गेले हे न पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. त्यांचा निकाल कोणा डोळस माणसाने तपासल्याशिवाय विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये. ब्रेलविषयी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे; आवाज आला म्हणून ब्रेल संपले, असे मानणाऱ्यांनी ते आधी वाचावे.

मोठ्याने म्हणायच्या सूत्रांची एक यादी शेवटी जोडली आहे. तिच्यातले मराठी वाचन हा पहिला मसुदा समजावा. विदर्भात, कोकणात, बेळगावात, बडोद्यात सूत्रे वेगवेगळ्या तऱ्हेने म्हटली जातात. आपल्या वर्गात जसे म्हणता तसे लिहून कळवा, विशेषतः आमचे वाचन चुकीचे वाटत असेल तेथे. आणि पहिले प्रकरण उघडण्याआधी एनव्हीडीए उतरवून घ्या, त्यातला पडदा काळा करण्याचा पर्याय चालू करा, आणि आपण स्वतः तयार केलेली मागच्या परीक्षेची गणिताची प्रश्नपत्रिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका.